मॉडेल विमानांचे आकाश आणि सरकारी नियम

एरोमॉडेलिंगचा छंद दोन कामांचा मिळून बनतो: विमान बांधणे आणि ते उडवणे. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या कापून पंखाचा सांगाडा जुळवायचा, त्यावर कागद किंवा उष्णतेने ताणून बसणारी प्लॅस्टिकची फिल्म चढवायची, पंखाखाली दोन बोटे धरून तोल तपासायचा, मग इंजिन किंवा मोटर, बॅटरी, रिसीव्हर आणि सुकाणू हलवणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटरी बसवायच्या. यात कित्येक संध्याकाळी जातात. एकेक उड्डाण मात्र दहा-पंधरा मिनिटांचे असते. उडवणारा जमिनीवर उभा राहून विमानावरची नजर न हटवता ट्रान्समीटरच्या दोन दांड्यांनी त्याला वळवत राहतो. विमान दूर जाताना डावे ते डावेच असते. ते उडवणाऱ्याच्या दिशेने परत येऊ लागले की डावे-उजवे उलटते. ही उलटापालट हाताच्या सवयीची होईपर्यंत नवशिक्याची दोन-तीन विमाने तरी मोडतात.

कायद्याच्या लेखी हे विमान ‘मानवरहित विमान’ या मोठ्या वर्गात मोडते. पिकावर औषध फवारणारा ड्रोन, लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणारा ड्रोन आणि दाराशी पार्सल पोहोचवणारे यंत्र हीदेखील त्याच वर्गातली. हौशी मंडळींना नियमांचा जो जाच होतो त्यातला बराचसा या एका वर्गवारीतून आलेला आहे. ती कशी घडली आणि तिच्यातून वाट कशी काढली गेली, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट दिसते, कारण तिथे हा छंद जुना आहे, संघटित आहे आणि त्याने सरकारशी प्रत्येक टप्प्यावर वाद घातलेला आहे.

अमेरिकेत मॉडेल विमानांवर पहिला अंमल चालला तो विमान खात्याचा नव्हे, रेडिओ खात्याचा. वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी बांधलेल्या ‘गफ’ या रेडिओ-नियंत्रित विमानाने 1938 साली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली; ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या काळी विमानाला रेडिओने आज्ञा द्यायची तर हौशी रेडिओचा परवाना हवा आणि त्यासाठी मोर्स संकेतांची परीक्षा द्यावी लागे. 1952 साली 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील एक वारंवारता परीक्षेविना मोकळी झाली आणि छंद रेडिओ तंत्रज्ञांच्या पलीकडे सामान्य घरांत पोहोचला. पुढे 72 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्वतंत्र वाहिन्या मिळाल्या. एकाच वाहिनीवर दोघांनी ट्रान्समीटर सुरू केला तर कुणाचे तरी विमान हमखास कोसळे. म्हणून प्रत्येक मैदानावर एक फळी असे, तिच्यावरून आपल्या वाहिनीचा चिमटा हातात आल्याशिवाय कुणी ट्रान्समीटरला हात लावत नसे. हा चिमट्याचा नियम सरकारने केलेला नव्हता, क्लबांनी केला होता. 2.4 गिगाहर्ट्झचे संच आल्यावर त्याची गरज संपली, पण स्वतःचे नियम स्वतः पाळण्याची सवय त्यातून लागली होती.

विमान खात्याने, म्हणजे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने (पुढे ‘एफएए’), या छंदाची पहिली ठळक दखल जून 1981 मध्ये घेतली. त्या वेळच्या परिपत्रकात सांगितलेले थोडक्यात असे: जमिनीपासून 400 फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे 120 मीटरपेक्षा, वर जाऊ नये, विमानतळापासून तीन मैलांच्या आत उडवायचे असल्यास तिथल्या मंडळींना कळवावे, माणसे असलेल्या विमानाला नेहमी वाट द्यावी, प्रेक्षकांजवळ उडवण्याआधी विमानाची चाचणी झालेली असावी. हे सारे स्वेच्छेने पाळायचे होते. प्रत्यक्ष शिस्त लावण्याचे काम ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स ही 1936 पासूनची संस्था करत होती आणि आजही करते. तिचे मुख्यालय इंडियाना राज्यातील मन्सी येथे आहे आणि देशभरातील दोन हजारांहून अधिक क्लब तिच्याशी जोडलेले आहेत. सभासदाला तिच्याकडून अपघातविमा मिळतो, त्या बदल्यात तिची सुरक्षा-संहिता पाळावी लागते. विमानावर मालकाचे नाव-पत्ता किंवा सभासद क्रमांक लिहिलेला असावा, ही अट त्या संहितेत सरकारी नोंदणीच्या कितीतरी आधीपासून होती. जेट टर्बाइन बसवलेल्या मॉडेलसाठी तर वेगळी परवानगी मिळवावी लागते. ती योग्यच आहे: वीस किलोचे आणि ताशी तीनशे किलोमीटरने जाणारे यंत्र कुणाच्या अंगावर गेले तर काय होईल, हे सांगायला नको. 2013 साली ब्रुकलिनच्या एका बागेत एकोणीस वर्षांच्या तरुणाचा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरची पाती लागून मृत्यू झाला होता. या छंदात धोका नाही असे म्हणणारा माणूस हा छंद जाणणारा नव्हे.

तीस वर्षे ही व्यवस्था टिकली, कारण छंद अवघड होता. विमान बांधायला येत नसेल तर क्लबात जावे लागे, उडवायला शिकायचे तर शिकवणाऱ्याशेजारी उभे राहावे लागे. कुणी बेशिस्त वागला तर त्याला मैदानाबाहेर काढता येत असे. 2010 च्या सुमारास चार पंख्यांचे ड्रोन बाजारात आले आणि हे दार निकामी झाले. त्यांचा तोल संगणक सांभाळतो, जागा उपग्रह सांगतात, कॅमेरा दूरवरचे चित्र हातातल्या पडद्यावर दाखवतो. खोक्यातून काढून तासाभरात कुणीही ते मैलभर दूर पाठवू शकतो. त्याला क्लब लागत नाही, शिक्षक लागत नाही आणि पुष्कळदा नियम आहेत याची जाणीवही नसते.

अमेरिकी काँग्रेसने 2012 च्या कायद्यात कलम 336 घालून हौशी मंडळींना कवच दिले. केवळ छंदासाठी उडवले जाणारे, राष्ट्रीय संघटनेच्या संहितेप्रमाणे चालणारे, 55 पौंडांपर्यंतचे, म्हणजे सुमारे 25 किलोचे, माणसे असलेल्या विमानांच्या आड न येणारे मॉडेल असेल तर त्याविषयी एफएएने कोणताही नियम करू नये, असे ते कलम सांगत होते. कवच चांगले होते, पण ड्रोनवालेही त्याच्याखाली आले. त्याच सुमारास राफाएल पिर्कर याने 2011 साली व्हर्जिनिया विद्यापीठाच्या परिसरात फोमच्या छोट्या विमानातून केलेल्या चित्रीकरणाचा खटला गाजत होता. बेफिकीर उड्डाणाबद्दल एफएएने त्याला दहा हजार डॉलरांचा दंड लावला. मॉडेल विमान कायद्याच्या अर्थाने विमानच नाही, असे म्हणून मार्च 2014 मध्ये न्यायाधीशांनी दंड रद्द केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तो निर्णय फिरवला आणि आकाशात उडवता येणारे कोणतेही साधन विमानच होय, असे ठरवले. पुढे प्रकरण अकराशे डॉलरांवर मिटले. दंडाची रक्कम किरकोळ होती, पण मॉडेल हे विमान आहे ही गोष्ट कायद्यात पक्की झाली आणि पुढचे सर्व नियम तिच्यावर उभे राहिले.

डिसेंबर 2015 मध्ये नोंदणी आली. 250 ग्रॅमहून जड मॉडेल बाहेर उडवणाऱ्याने पाच डॉलर भरून क्रमांक घ्यायचा आणि तो विमानावर लिहायचा. न केल्यास साडेसत्तावीस हजार डॉलरांपर्यंत दिवाणी दंड, गंभीर प्रकरणात तुरुंगवासही. पाच डॉलर कुणालाच जड नव्हते. खटकले ते तत्त्व. वॉशिंग्टन परिसरातील जॉन टेलर या हौशी उडवणाऱ्याने न्यायालयात दाद मागितली. 19 मे 2017 रोजी अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले ब्रेट कॅव्हानॉ यांनी तो लिहिला होता: काँग्रेसने मॉडेल विमानांविषयी नियम करू नका असे स्पष्ट सांगितले आहे, नोंदणी हा नियमच आहे, म्हणून ती टिकत नाही. ज्यांना हवे त्यांना एफएएने पाच डॉलर परत करायची तयारीही ठेवली. पण विजय सात महिन्यांचाच ठरला. डिसेंबर 2017 मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक कलम घालून काँग्रेसने नोंदणी पुन्हा जिवंत केली. क्रमांक सुरुवातीला बॅटरीच्या कप्प्यात लिहिला तरी चाले. फेब्रुवारी 2019 पासून तो बाहेरून दिसलाच पाहिजे असे झाले, कारण पडलेले यंत्र उघडताना आत स्फोटक असेल तर पोलिसांचा जीव जाईल, ही भीती पुढे आली. ही अट वाजवी होती. युद्धकाळातल्या लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्याला पंखावर तो क्रमांक खुपतो, हेही तितकेच खरे.

दरम्यान डिसेंबर 2018 मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या वार्तांमुळे सुमारे हजार उड्डाणे रद्द झाली किंवा वळवावी लागली. दोषी कधीच सापडला नाही, पण लोकमत बदलले. अमेरिकेत त्याआधीच, ऑक्टोबर 2018 च्या कायद्याने, कलम 336 पूर्ण रद्द झाले होते. नव्या तरतुदीनुसार हौशी उड्डाणाला सूट मिळते, पण अटींवर: मान्य संघटनेची संहिता पाळावी, विमान नजरेच्या टप्प्यात ठेवावे, नियंत्रित आकाशात आधी परवानगी घ्यावी, अनियंत्रित आकाशात 400 फुटांच्या वर जाऊ नये, आणि सुरक्षाज्ञानाची परीक्षा द्यावी. ही परीक्षा जून 2021 पासून मोफत आणि ऑनलाइन घेतली जाते. तीत नापास होणे कठीण आहे, कारण चुकलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर समजावून पुन्हा संधी दिली जाते. शिकवणारा नियम कसा असावा याचा हा चांगला नमुना म्हणावा लागेल.

400 फुटांची मर्यादा मात्र काहींना फार जाचते. इंजिन नसलेले मोठे ग्लायडर तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या प्रवाहात शिरून उंची मिळवतात. तो प्रवाह शोधणे हेच त्या खेळाचे मर्म आहे. तीन-चार मीटर पंखांचे ग्लायडर हजार फुटांवरही नीट दिसते. स्वेच्छेचा असताना हा आकडा अशा उड्डाणांना समजूतदारपणे वाट देत होता. कायद्यात आल्यावर तो सरसकट झाला. मे 2024 च्या कायद्याने मान्य मैदानांवर, ठरावीक अटी पाळून, त्याहून वर जाण्याची वाट ठेवली.

सर्वांत मोठा वाद झाला तो ‘रिमोट आयडी’वरून. उडणाऱ्या यंत्राने आपला ओळख क्रमांक, जागा, उंची, वेग आणि उडवणाऱ्याची जागा किंवा उड्डाण जिथून सुरू झाले ते ठिकाण सतत प्रसारित करावे, जवळच्या कुणालाही ते फोनवर वाचता यावे, अशी ही कल्पना. कारखान्यातून आलेल्या ड्रोनमध्ये उपग्रहांवरून जागा ओळखणारा भाग आणि रेडिओ आधीच असतात, त्यामुळे त्याला हे सोपे पडते. बाल्साच्या विमानात यातले काहीच नसते. त्यात फक्त एक रिसीव्हर आणि चार सर्व्हो. डिसेंबर 2019 च्या मसुद्यात तर इंटरनेटची जोडणीही सक्तीची होती; पण बहुतेक क्लबांची मैदाने गावाबाहेर, जिथे फोनला सिग्नल मिळत नाही अशा शेतजमिनीवर आहेत. रिमोट आयडी नसलेली विमाने उडवण्यासाठी काही मैदानांना मान्यता मिळणार होती, पण त्यासाठी अर्ज करायला एकदाच बारा महिन्यांची मुदत. त्यानंतर एखाद्या क्लबाची जागा गेली तर नव्या जागेला मान्यता नाही. म्हणजे एकेक मैदान बंद होत छंद हळूहळू संपावा, अशीच ती रचना होती; मसुदा करणाऱ्यांचा हेतू तसा नसेलही, परिणाम तोच झाला असता.

मसुद्यावर 53 हजारांहून अधिक हरकती आल्या. त्यांतल्या कितीतरी हौशी मंडळींच्या होत्या. जानेवारी 2021 च्या अंतिम नियमात इंटरनेटची अट गेली आणि मैदानांच्या अर्जाची मुदतही गेली. आता तीन मार्ग आहेत. विमानातच रिमोट आयडी असावे, किंवा वेगळे प्रसारण-यंत्र जोडावे, किंवा मान्य मैदानाच्या हद्दीत उडवावे. जोडायचे यंत्र छोटे असते आणि छंदासाठी उडवणारा एकच यंत्र एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवू शकतो. वीस विमाने असणाऱ्याला त्यामुळे वीस यंत्रे घ्यावी लागत नाहीत. मान्य मैदानासाठी मान्यताप्राप्त संघटना किंवा शिक्षणसंस्था अर्ज करते, मान्यता 48 महिन्यांची असते आणि तिचे नूतनीकरण होते. विमान आणि उडवणारा दोघेही त्या हद्दीत असले पाहिजेत. उडवणाऱ्याची जागा अनोळखी माणसाला कळणे हा खासगीपणाचा भंग आहे, असा दावा न्यायालयात गेला होता. जुलै 2022 मध्ये तो फेटाळला गेला. अंमलबजावणी प्रत्यक्षात मार्च 2024 पासून सुरू झाली.

यातून एक वाटणी झाली. क्लबाचा सभासद पूर्वीसारखाच रविवारी सकाळी मैदानावर जातो आणि त्याला फारसा फरक जाणवत नाही. एकटा उडवणारा, डोंगरउतारावरच्या वाऱ्यात ग्लायडर सोडणारा, शाळेच्या मैदानावर मुलांना घेऊन जाणारा शिक्षक यांच्यावर मात्र भार वाढला. 250 ग्रॅमच्या आतली विमाने छंदासाठी उडवणाऱ्याला नोंदणी आणि रिमोट आयडी लागत नाही, बंदिस्त सभागृहातील उड्डाण एफएएच्या कक्षेतच येत नाही. म्हणून हलकी, छोटी विमाने आणि सभागृहातील उड्डाण हे सोयीचे पर्याय ठरतात. युरोपीय संघाने 2019 च्या आपल्या नियमावलीत याहून नेमकी वाट काढली. तिच्या कलम 16 नुसार सदस्य देश क्लबालाच अधिकारपत्र देऊ शकतो, आणि उंची, वय, वजन यांच्या अटी त्या क्लबाच्या पद्धतीनुसार ठरवता येतात. यंत्रापेक्षा ते उडवण्याची पद्धत पाहून धोका मोजण्याचा हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. ओळखीचे मैदान, नजरेसमोरचे विमान आणि शेजारी उभा असलेला जाणकार, या तीन गोष्टी असतील तर धोका बहुतांशी आटोक्यात राहतो.

भारतात या छंदाची ओळख अनेकांना राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत होते. तिथे एरोमॉडेलिंग हा शिक्षणाचाच भाग आहे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही विद्यार्थी स्पर्धांसाठी विमाने बांधतात. नियमांचा प्रवास मात्र बंदीपासून सुरू झाला. ऑक्टोबर 2014 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून खासगी मानवरहित विमानांचे उड्डाण थांबवले. 1 डिसेंबर 2018 पासून लागू झालेल्या नियमांत ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ हे सूत्र होते: संगणकीय परवानगी मिळाल्याशिवाय यंत्र सुरूच होऊ नये, अशी रचना त्याच्या आत असावी. सर्व्हो आणि रिसीव्हरवर चालणाऱ्या विमानात ती बसवणार कुठे? मार्च 2021 चे नियमही किचकट होते. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी बराच मोकळा श्वास घेऊ दिला.

या नियमांत मॉडेलची वेगळी व्याख्या आहे: 25 किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणूक यांसाठीच वापरले जाणारे आणि नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे. अशा मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. घरी बांधलेल्या एकुलत्या एका विमानासाठी कारखान्याच्या उत्पादनासारखी तपासणी करून घेणे कुणालाच शक्य नव्हते, त्यामुळे ही सूट फार मोलाची आहे. दोन किलोपर्यंतचे विमान व्यवसायासाठी नसेल तर चालकाचे प्रमाणपत्रही लागत नाही. पण पेट्रोल इंजिनाचे किंवा मोठ्या पंखांचे विमान दोन किलोंच्या पुढे सहज जाते, आणि तिथे चालकाच्या प्रमाणपत्राबाबत मॉडेल म्हणून वेगळी सूट उरत नाही. शिक्षणसंस्थांना सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात, स्वतःच्या ताब्यातील जागेवर, संशोधनासाठी पुष्कळ मोकळीक आहे. एकट्या हौशी माणसाला ती नाही, आणि मान्य मैदानाची कल्पनाच या नियमांत नाही.

कुठे उडवायचे ते नकाशावरच्या तीन रंगांवरून ठरते. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी हवी. सांताक्रूझ आणि जुहू हे दोन्ही विमानतळ मुंबईच्या उपनगरांतच आहेत, पुण्यात लोहगावचा हवाईतळ आहे, नाशिकच्या आसपास ओझर, देवळाली आणि गांधीनगर ही लष्करी ठिकाणे आहेत. त्यामुळे शहरातल्या उडवणाऱ्याला आधी नकाशा पाहावा लागतो आणि मग शहरापासून दूर कुणाच्या तरी शेताची परवानगी मागावी लागते.

सामान आणण्याचेही नियम आहेत. 9 फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेने तयार ड्रोनची, तसेच जोडणीसाठी आलेल्या सुट्या संचाच्या रूपातील ड्रोनची आयात बंद झाली. भागांची आयात खुली राहिली. स्वतः बांधणाऱ्याच्या बाजूने हा नियम झुकतो असे वाटू शकते. पण ट्रान्समीटर हे बिनतारी उपकरण असल्याने त्याला दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची मान्यता लागते, आणि परदेशातून मागवलेला एकच संच त्या कागदांवाचून सीमाशुल्क विभागात अडकू शकतो.

याखेरीज स्थानिक पोलिसांचे आदेश असतात. मुंबई पोलीस सुरक्षेच्या कारणास्तव वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून आणि रिमोटवर चालणारी छोटी विमाने यांच्यावर ठरावीक दिवसांची बंदी घालतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. नकाशावर जागा हिरवी असली तरी असा आदेश लागू असताना तिथे विमान उडवता येत नाही, आणि आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.